कोऱ्या पाटीचा दिवस

टिचकीला ऑफिसात टिचकी म्हणत, ते उगाच नव्हे. बाकीच्यांना ज्या कामासाठी माउस धरून खिडक्यांमागून खिडक्या उघडाव्या लागत, ते काम ती काळ्या पडद्यावर दोन अक्षरं बडवून उरकायची आणि मान वर करून विचारायची, "झालं. आणखी काय?" त्या 'आणखी काय'मुळे काही जणांच्या पोटात दुखत असे. पण पोटात दुखून फलक दुरुस्त होत नाहीत, त्यामुळे दुखणारेही शेवटी तिच्याच टेबलापाशी येऊन उभे राहत.

फलक म्हणजे बसथांब्यांवरचे. पुढची बस कुठली आणि ती किती वेळात येणार, हे शहरातल्या प्रत्येक थांब्यावर चमकत्या अक्षरांत दाखवायचं, हे या ऑफिसचं काम. जागा म्हणजे एका बंद पडलेल्या कारखान्याचा वरचा मजला. खिडक्या इतक्या उंच, की त्यांतून फक्त आकाश दिसे. दारावर नमुन्याचा एक फलक टांगलेला होता. कुठलाही बदल शहरात पाठवण्याआधी त्यावर करून बघत, त्यामुळे त्याच्यावर कायम अशा एखाद्या बसची वेळ झळकत असे जी जन्मात येणार नव्हती. नवीन पाहुणे घड्याळ बघून घाईघाईने खाली उतरत, आणि ऑफिसला तेवढीच करमणूक होई.

टिचकीची खरी दौलत तिच्या लॅपटॉपवर होती. लिनक्स या संगणकप्रणालीचा तो काळा पडदा, म्हणजे टर्मिनल, लोकांना रुक्ष वाटतो. तिला तो आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्यासारखा वाटे, जिथे अंधारातही डबा हाताला लागतो. हजारो फाइलींतून नेमकी एक ओळ हुडकून आणणारं ग्रेप, एका पडद्याचे चार कप्पे करून देणारं टीमक्स, महिन्यापूर्वी आपण काय लिहिलं होतं ते जसंच्या तसं परत काढणारी हिस्टरी, ही हत्यारं खरं तर कुणालाही मिळतात. तिने मात्र वर्षानुवर्षं त्यांना धार लावली होती. लांबलचक कमांडला, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकुमाला, टर्मिनलमध्ये टोपणनाव देता येतं. तिने इतकी टोपणनावं दिली होती, की तिच्या मशीनवर दुसऱ्या कुणी बसलं तर त्याला परक्या घरात दिवा कुठे लागतो तेही सापडू नये. याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

तर या टिचकीला पंधरा दिवसांची रजा हवी होती.

इथे रजा मागणं सोपं होतं, मिळवणं अवघड. त्याला कारण दाढी. दाढी हा फलकांवरच्या वेळांचं गणित सांभाळणारा. तो लग्न करून फिरायला गेला, तेव्हा त्याच्या मशीनवरचं काही कुणाला उमगेना आणि ऑफिसने त्याला दिवसभर फोन करून भंडावून सोडलं. शेवटी नवरीने फोन हिसकावून घेतला आणि थेट मोठ्या बाईंना सुनावलं, की याला तुमच्या फलकांशीच संसार करायचा होता तर मला कशाला मध्ये आणलं? मोठ्या बाई म्हणजे ऑफिसच्या सर्वेसर्वा. त्या कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हेत, पण हे त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी नवा रिवाज पाडला. त्याचं नाव कोरी पाटी.

कोरी पाटी म्हणजे असं. ज्याला मोठी रजा हवी त्याने आपलं मशीन कसं उभं करायचं, कुठलं हत्यार कशासाठी आणि कसं वापरायचं, याची टिपणं लिहायची. मग एक लॅपटॉप साफ पुसून कोरा करायचा. प्रोग्रॅमिंगशी ज्याचा काडीचा संबंध नाही अशा कुणाचं तरी नाव बरणीतून चिठ्ठी काढून ठरवायचं. त्या माणसाने फक्त टिपणं वाचत मशीन उभं करायचं आणि मोठ्या बाई सांगतील ते वाक्य दारावरच्या फलकावर आणून दाखवायचं. रजा मागणाऱ्याने शेजारी बसायचं, हात मांडीवर, तोंड बंद. एक शब्द बोलला, की परीक्षा बुडाली आणि पुढची संधी पुढच्या महिन्यात. पार पडली, तर मात्र रजेत त्याला फोन करायचा नाही. फलक जळाले तरी नाही.

टिचकीला पुढचा महिना चालणार नव्हता. पुढच्या महिन्यात समुद्र चालणार नव्हता.

तिची आई जन्मभर नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवत आली. अर्ध्या गावाला तिने पाण्यात ढकललं होतं आणि तितक्याच जणांना काठावर आणलं होतं. निवृत्त झाल्यावर बायका देवधर्म करतात, विणतात, नातवंडं सांभाळतात. तिने ठरवलं, की समुद्रकाठच्या गावी जाऊन तिथली खाडी पोहून जायची, या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर. भरती-ओहोटीचा मेळ वर्षातून एकाच पंधरवड्यात नीट बसतो. त्यातला कुठला दिवस शांत निघेल हे आदल्या दिवसापर्यंत कळत नाही, म्हणून तिथे जाऊन वाट बघत बसावं लागतं. पोहणाऱ्याच्या शेजारून एक होडी चालते. होडीत होडीवाला, पंच आणि घरचं एक माणूस, काठीला बांधलेल्या पेल्यातून पाणी आणि खाणं द्यायला. नियम एकच, की पोहणाऱ्याला हात लावायचा नाही. लावला, की ते पोहणं रद्द.

गेल्या वर्षी होडीत टिचकी होती, आणि तिने हात लावला होता.

पैलतीराची झाडं वेगवेगळी दिसायला लागली होती. आई एकाएकी थांबली, उताणी झाली, आणि तिचा चेहरा पांढराफटक दिसला. टिचकीचा हात मेंदूच्या आधी पळाला. तिने वाकून आईचा दंड धरला. पंचाने लाल झेंडी वर केली. आईच्या पोटरीत नुसता गोळा आला होता. उताणं होऊन पाय सैल सोडायचा, गोळा जिरला की पुढे निघायचं, हे तिने हजार पोरांना शिकवलं होतं. परतीच्या वाटेवर ती टॉवेल गुंडाळून पाठमोरी बसली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "विचारायचं तरी होतंस." पुन्हा तो विषय तिने काढला नाही, आणि म्हणूनच तो टिचकीच्या मनातून गेला नाही.

या वर्षी आईने बरोबर कोण येणार हे विचारलंच नाही, फक्त टिचकीची पिशवी आपल्या पिशवीशेजारी काढून ठेवली. टिचकीला त्या पिशवीकडे बघवत नसे. इतका विश्वास एखाद्याने टाकला, की त्याचं ओझंच होतं.

टिपणं तिने घरी, जेवणाच्या टेबलावर बसून लिहिली. नवरा भांडी विसळत होता आणि अधूनमधून विचारत होता, की त्याचंही एखादं टोपणनाव केलं आहे का, म्हणजे दोन अक्षरं बडवली की तो चहा घेऊन येईल. आई पलीकडे टॉवेलची दोन टोकं धरून खांद्यांचा व्यायाम करत होती. टिचकीने आपली एकूण एक टोपणनावं टिपणांतून हाकलली. जिथे ती एक अक्षर लिहीत असे तिथे पूर्ण कमांड लिहिली, हत्यार कुठून घ्यायचं, बसलं की नाही हे कसं तपासायचं, सगळं. वाचून बघितलं आणि स्वतःवरच खूश झाली. तिच्या खास सवयीचं असं त्यात काही उरलं नाही, अशी तिची खात्री होती.

आईने टॉवेल खांद्यावर टाकून पडद्यात डोकावलं. ही ओळ काय करते, ती काय करते, असं विचारत ती पुसण्याच्या कमांडपाशी आली.

"आणि हे पुसताना मशीन विचारत नाही, खरंच पुसू का म्हणून?"

टिचकी म्हणाली, की लिनक्स शहाण्या माणसांसाठी आहे, ते विचारत बसत नाही.

"म्हणजे तुझ्यासारखंच," आई म्हणाली. "मग सगळ्यात वर लिही. पुसण्याआधी विचारावं."

टिचकीला ते लागलं. पण आईचं म्हणणं पडू द्यायचं नाही म्हणून तिने सगळ्यात वर, पहिलं कलम म्हणून, एकोबद्दल लिहिलं. एको हे अगदी साधं हत्यार. कुठल्याही कमांडच्या आधी एको लिहिलं, की मशीन ती कमांड चालवत नाही, काय चालवणार होतं ते नुसतं म्हणून दाखवतं. 'खाली जिथे जिथे काही पुसायचं आहे, तिथे तिथे आधी एको लावून बघावं आणि मगच पुसावं,' असं तिने लिहिलं. स्वतः तिने कित्येक वर्षांत तसं केलेलं नव्हतं. ते नवशिक्यांचं काम, असं तिचं प्रामाणिक मत होतं.

कोऱ्या पाटीच्या दिवशी बरणीतून चिठ्ठी निघाली वकीलबाईंची.

ऑफिसात हशा पिकला. वकीलबाई कंपनीचे करारमदार बघत. त्यांचं टेबल कोपऱ्यात, खुर्चीच्या पाठीवर बारा महिने शाल, आणि वाचन असं, की बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूरही त्या शेवटपर्यंत वाचायच्या आणि मगच पुडा फोडायच्या. दाढी टिचकीच्या कानात म्हणाला, की तुझी रजा आता वकीलबाईंच्या वाचनाच्या वेगाने येणार, सूर्य मावळायच्या आत मिळाली तर नशीब समज. टिचकी हसली. तिचा आपल्या टिपणांवर पूर्ण भरवसा होता.

मोठ्या बाईंनी फलकावर आणायचं वाक्य कागदावर लिहून घडी घालून ठेवलं. वकीलबाईंनी चष्मा पुसला, शाल सावरली आणि टिपणं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून काढली. मशीनला हातसुद्धा न लावता. टिचकी हात मांडीवर ठेवून बघत राहिली. मग वकीलबाईंनी एका बोटाने टाइप करायला सुरुवात केली.

त्या कामाचा वेग सांगण्यात अर्थ नाही. प्रत्येक अक्षर आधी कागदावर बघायचं, मग कीबोर्डवर शोधायचं, मग दाबायचं, मग पडद्यावर ते तेच आहे याची शहानिशा करायची. टिचकीची बोटं मांडीवर आपोआप चाळवत होती. नियमात बोटांबद्दल काही नव्हतं. पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली, की वकीलबाईंची एकही चूक होत नव्हती. ग्रेप बसलं. टीमक्स बसलं, आणि पडद्याचे कप्पे झालेले बघून वकीलबाई स्वतःशी "अरे वा" म्हणाल्या. फलकाचा नंबर मशीनला सांगायची ओळ त्यांनी लिहिली. सामायिक डिस्क जोडली गेली. त्या डिस्कवर अख्ख्या ऑफिसचं काम होतं, मार्गांचे नकाशे, थांब्यांची नावं, दाढीची सगळी गणितं. एकेक पायरी नीट पार पडत होती आणि टिचकीची छाती फुगत होती. माझी टिपणं आहेत, तिच्या मनात येत होतं, एका बोटानेसुद्धा चालतात.

मग आली पुसण्याची पायरी. नवं काम आणण्याआधी, सामायिक डिस्कवरच्या टिचकीच्या कामाच्या फोल्डरमधलं जुनं सगळं काढून टाकायचं. टिपणांत ओळ होती: कामघराच्या आतलं सगळं, न विचारता, मालकाच्या हक्काने पुस.

वकीलबाईंनी ती कमांड टाइप केली, आणि ती पडद्यावर पूर्ण दिसली तेव्हा टिचकीला आपली चूक दिसली.

कामघर. हे नाव लिनक्सचं नव्हतंच. नोकरी लागली तेव्हा, आपल्या कामाच्या फोल्डरचा लांबलचक पत्ता दर वेळी लिहायचा कंटाळा म्हणून, तिनेच ते ठेवलं होतं. 'कामघर' लिहिलं, की तिचं मशीन त्या जागी तो पूर्ण पत्ता घालत असे. हे नाव तिच्या हातात इतकं मुरलं होतं, की टिपणांतून सगळी टोपणनावं हाकलताना हे एक तिला टोपणनाव वाटलंच नाही. आणि कोऱ्या मशीनला कामघर कुठून ठाऊक असणार? ओळख नसलेल्या नावाच्या जागी लिनक्स काहीच घालत नाही, मोकळी जागा सोडतं आणि पुढे जातं. म्हणजे 'कामघराच्या आतलं सगळं पुस' यातलं कामघर गळून पडणार आणि उरणार नुसतं 'सगळं पुस'. मशीनवरचं सगळं. आणि त्या सगळ्यात, नुकतीच जोडलेली, सामायिक डिस्कसुद्धा.

डिस्कची दुसरी प्रत होती, पण ती आदल्या दिवसाची. ती आणून बसवेपर्यंत शहरातले निम्मे फलक आंधळे झाले असते आणि सगळ्यांची सकाळपासूनची मेहनत मातीत गेली असती. बोलली तर परीक्षा बुडाली. परीक्षा बुडाली, की रजा गेली, खाडी गेली, आणि आईच्या पिशवीशेजारची ती पिशवी परत कपाटात. पुढच्या वर्षी आईचे खांदे असेच राहतील, हे कोण सांगणार?

वकीलबाईंचं बोट एन्टरवर येऊन थांबलं.

टिचकीने फार विचार केला असं म्हणता येणार नाही. दुसऱ्यांच्या कामावर आपली रजा विकत घ्यायची नाही, एवढं तिला लख्ख कळलं आणि रडूही आलं. खुर्ची करकरत मागे गेली, ती उभी राहिली, तिने तोंड उघडलं.

वकीलबाईंनी मान न वळवता डावा हात वर केला. समोरचा पक्ष मध्येच बोलायला लागला की कोर्टात करत असतील, तसा. टिचकी उघड्या तोंडाने तशीच थांबली. वकीलबाईंनी एन्टरवरचं बोट उचललं, टिपणांचं पहिलं पान पुन्हा वर घेतलं, आणि स्वतःशीच पुटपुटल्या, की कलम एक खालच्या सगळ्याला लागू आहे, इथे अपवाद केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. मग बाणाच्या बटणाने त्या ओळीच्या सुरुवातीला गेल्या आणि सावकाश, एकेक अक्षर शोधत, एको लिहिलं. मग एन्टर दाबलं.

मशीनने काहीच पुसलं नाही. काय पुसणार होतं ते म्हणून दाखवलं. पडद्यावर मशीनच्या मुळाशी असलेल्या सगळ्या फोल्डरांची रांग उमटली, आणि तिच्यात ठसठशीत, सामायिक डिस्क.

"हे तर भाडेकरूचं सामान काढायला सांगितलं आणि अख्खी इमारत पाडायला निघालंय," वकीलबाई म्हणाल्या.

दाढी वाकून बघायला आला आणि पडदा वाचून दोन पावलं मागे सरला. टिचकी उभीच होती. पण परीक्षा अजून संपली नव्हती. वकीलबाई अडल्या आहेत आणि त्यांना मदत करायची नाही, ही नवी शिक्षा सुरू झाली होती.

वकीलबाईंनी कमांड खोडली. टिपणं परत चाळली. दुसऱ्या पानावर त्या थांबल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू माहेरचं माणूस भेटलं. तिथे टिचकीने लिहिलं होतं, की सगळं काम अमुक अमुक फोल्डरमध्ये ठेवावं, यापुढे त्या फोल्डरला कामघर म्हटलं आहे.

"व्याख्या तर दिली आहे," वकीलबाई म्हणाल्या. "माणसाला दिली आहे. मशीनला द्यायची राहिली."

मग त्या मागे गेल्या, जिथे फलकाचा नंबर मशीनला सांगायची ओळ होती. ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली. तीच ओळ पुन्हा लिहिली, नंबराच्या नावाच्या जागी कामघर आणि नंबराच्या जागी फोल्डरचा पत्ता. पुन्हा पुसण्याची कमांड, पुन्हा आधी एको. या वेळी पडद्यावर फक्त जुन्या कामाच्या फाइली आल्या, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. वकीलबाईंनी त्या सगळ्या मोजल्याही असतील, त्यांचा काही भरवसा नाही. मग त्यांनी एको काढलं आणि एन्टर दाबलं.

पुढचं सगळं सरळ झालं. मोठ्या बाईंनी घडी उघडून कागद पुढे केला, वकीलबाईंनी वाक्य टाइप केलं, आणि दारावरच्या नमुन्याच्या फलकावर चमकती अक्षरं उमटली: टिचकी रजेवर आहे, वाट बघू नये.

टाळ्या वाजल्या. टिचकीने बोलायची परवानगी मागितली, हाताने, आणि ती मिळाल्यावर खरं ते सांगून टाकलं, की टिपणांत ती चूक माझी होती आणि मी बोलणारच होते.

"बोलणार होतीस, बोलली नाहीस," मोठ्या बाई म्हणाल्या. "मनातल्या बोलण्याचं कलम आमच्याकडे नाही. का हो, वकीलबाई?"

वकीलबाई म्हणाल्या, की नाही, आणि घालूही नये, नाहीतर ऑफिसात एकही माणूस सुटायचा नाही. मग शाल सावरत त्यांनी टिचकीकडे चष्म्यावरून पाहिलं. "बाकी तुझं पहिलं कलम पक्कं आहे हं. कुणाकडून लिहून घेतलंस?"

आईकडून, टिचकी म्हणाली. जाण्याआधी तिने कामघराची ओळ टिपणांत घातली, पहिल्या कलमाच्या लगेच खाली, जाड अक्षरांत. मग लॅपटॉप मिटला.

समुद्राने त्यांना वाट बघायला लावली. खाडीकाठी घेतलेल्या खोलीच्या खिडकीतून आई रोज सकाळी पाण्याकडे बघायची आणि मान हलवायची, आज नाही. फोन टेबलाच्या खणात पडून होता आणि त्याने एकदाही तोंड उघडलं नाही. टिचकीला पहिले दोन दिवस चुकल्याचुकल्यासारखं झालं, मग ती भरपूर झोपली. एका सकाळी आईने मान हलवली नाही. तिने टोपी घातली.

पाणी सपाट होतं. आईचे हात ठरलेल्या लयीत पडत होते, डावा, उजवा, डावा, श्वास. टिचकी काठीच्या टोकाचा पेला पुढे करी, आई त्यातलं गरम पाणी पिऊन पेला सोडून देई, एका शब्दाने बोलत नसे. पंच जुनाच होता. त्याची लाल झेंडी त्याच्या गुडघ्यावर आडवी ठेवलेली होती आणि टिचकी तिच्याकडे बघायचं टाळत होती. ऊन चढलं. मागचा किनारा एक रेघ झाला, पुढची रेघ किनारा झाली. झाडं वेगवेगळी दिसायला लागली.

आणि नेमकी तिथेच आई थांबली. उताणी झाली. तोच पांढरा चेहरा, ओठ घट्ट मिटलेले, एक पाय पाण्यात वाकडा. होडीवाल्याने वल्ही थांबवली. पंचाचा हात झेंडीवर गेला. टिचकीचा हात होडीच्या कडेवरून बाहेर निघालेला होता, आईच्या दंडापासून वीतभर अंतरावर.

तिने तो मागे घेतला. दोन्ही हात मांडीवर ठेवले, एकावर एक, घट्ट. तिने विचारलं, "आई, काय करू?"

आईने डोळे उघडले. आकाशाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"काही नको करू. मला दिसत राहा."

टिचकी दिसत राहिली. तिने पापणीसुद्धा हलवली नाही असं होडीवाला नंतर सगळ्यांना सांगत सुटला. आईने पाय सैल सोडला, बोटं आपल्याकडे ताणली, पुन्हा सोडली. पाण्यावर ती वर खाली होत राहिली. तिच्या चेहऱ्यात हळूहळू रंग आला. मग ती कुशीवर वळली, पालथी झाली, आणि हात पडायला लागले, डावा, उजवा, डावा, श्वास. पंचाने झेंडी परत गुडघ्यावर ठेवली.

शेवटचं पाणी उथळ होतं, होडीला पुढे जाता येत नव्हतं. आई गुडघ्यांवर आली, मग उभी राहिली. पडते की काय असं वाटलं, पण पडली नाही. गोटे तुडवत, दोन्ही हात बाजूला पसरून तोल सांभाळत ती कोरड्या जमिनीवर गेली. पंचाने घड्याळ बघितलं, काहीतरी लिहिलं आणि झेंडीची गुंडाळी करून पिशवीत टाकली. आई किनाऱ्यावर पाठमोरी उभी होती. पाय लटलट कापत होते, खांद्यांवरून पाणी गळत होतं. ती वळली आणि होडीकडे बघून ओरडली.

"अगं, बसलीस काय? ये आता. आता लाव हात."

टिचकी चपलांसकट पाण्यात उतरली.